दगड टांगा, आकारमान वाचा

ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराचा काळा दगड हातात घेतला की जड लागतो. किती जड, ते काटा सांगेल. पण आकारमान? पट्टीने लांबी-रुंदी घ्यावी इतका तो नीटस नसतो. मग शाळेतला उपाय आठवतो: ग्लासात पाणी घ्या, दगड बुडवा, पाणी चढेल तेवढं आकारमान. तत्त्वात खोट नाही, घोटाळा होतो तो पातळी वाचताना. 7 सेंटिमीटर व्यासाच्या ग्लासात नजर 1 मिलिमीटरने चुकली तर सुमारे 4 मिलिलिटरचा फरक पडतो. 100 ग्रॅमच्या दगडाचं आकारमानच 35 मिलिलिटरच्या आसपास असतं, म्हणजे चूक दहा टक्क्यांवर गेली.

प्राचीन ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीज आणि मुकुटाच्या गोष्टीतही हीच अडचण आहे. सोनाराने राजाच्या सोन्याच्या मुकुटात चांदी मिसळली, हे त्याने मुकुट पाण्यात बुडवून, बाजूला सरलेलं पाणी मोजून पकडलं म्हणतात. ही गोष्ट त्याच्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहिली. हिशेब करून पाहा. एक किलो शुद्ध सोनं 52 मिलिलिटर जागा घेतं. त्यात तीस टक्के चांदी मिसळली तर सुमारे 65. फरक 13 मिलिलिटर. 20 सेंटिमीटर तोंडाच्या पातेल्यात पाण्याच्या पातळीत त्याने अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. तेवढ्यावर सोनाराला चोर ठरवणं अवघड. गॅलिलिओलाही ही पद्धत ढोबळ वाटली होती. 1586 साली, वयाच्या बाविशीत, त्याने लिहिलं की आर्किमिडीजने मुकुट पाण्यात टांगून तोलला असणार. मला गॅलिलिओचं पटतं.

आपल्याला तर त्यासाठी गॅलिलिओने सुचवला तसा खास तराजूही बनवायला नको. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. त्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर दगडाचं आकारमान. मग दोरा सोडा. दगड तळाशी बसला की तोच काटा त्याचं वस्तुमान दाखवतो. समजा, टांगलेला असताना 143 आणि बसल्यावर 412 आलं. 412 भागिले 143, म्हणजे 2.88: एका मिलिलिटरला इतके ग्रॅम, हीच घनता, आणि ती बेसॉल्टला, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडाला, शोभणारी.

असं का होतं? पाणी दगडाला वर ढकलतं, बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं. हेच प्लावक बल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दगडही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली दाबतो, आणि काट्याला तेवढंच जाणवतं. दगडाचं बाकीचं वजन दोऱ्यावर, म्हणजे आपल्या हातावर. भांडं गोल की चौकोनी, पाणी किती, याच्याशी काही देणंघेणं नाही. पातळी तर वाचायचीच नाही.

पाणी मात्र नळाचं घ्या. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 च्या आसपास असते, त्यामुळे खाडीचं पाणी घेतलं तर भरतीच्या वेळी अडीच टक्क्यांपर्यंत चूक आयतीच येईल. उन्हाळ्यातल्या 30 अंशांच्या पाण्याने अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो, तो सोडून द्या. दगडाला चिकटलेले बुडबुडे मात्र बोटाने पुसून काढा, कारण ते आकारमान फुगवतात.

काट्याला 1 ग्रॅमच्या खालचं कळत नाही, म्हणून वस्तू मोठी घ्यावी. 3.79 ग्रॅमच्या एका रुपयाच्या नाण्याचं आकारमान अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास. त्यावर असा काटा कधी शून्य दाखवेल, कधी एक. तीसचाळीस नाणी जाळीच्या पिशवीत भरून टांगली तर आकडा विश्वासाचा होतो, रिकाम्या पिशवीचा तेवढा वजा करायचा. दागिन्यांच्या वाटेला याच काट्याने जाऊ नये. बारीक काटा असला तरी आत लाख भरलेला किंवा पोकळ दागिना फसवतोच.

तरंगणाऱ्या वस्तूचं काम उलट क्रमाने. मेणबत्तीचा तुकडा पाण्यावर सोडला की काटा त्याचं वस्तुमान दाखवतो. सुईच्या टोकाने पूर्ण बुडवला की आकारमान. मेणाची घनता 0.9 च्या जवळ येते. गूळ, खडीसाखर पाण्यात विरघळतात, त्यांना गोडं तेल वापरावं आणि आलेल्या आकड्याला तेलाच्या घनतेने, म्हणजे साधारण 0.92 ने, भागावं.

पुन्हा दगडांकडे. 1916 साली सुरू झालेला पारसिकचा रेल्वे बोगदा ज्या डोंगरातून जातो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घट्ट बेसॉल्टची घनता 2.8 ते 3 असते. पण लाव्हा थिजताना त्यात वायूचे फुगे अडकले, तर तिथे पोकळ्या राहतात आणि कधी कधी पुढे त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे स्फटिक भरतात. असा तुकडा निघाला की भागाकार अडीचकडे घसरतो.

कोकणातून येणारा जांभा, म्हणजे घरं बांधायचा तांबडा सच्छिद्र चिरा, जास्त गंमतीचा, कारण तो पाणी पितो. आधी कोरडा तोला, रात्रभर भिजवा, वरून पुसून पुन्हा तोला. वाढलेले ग्रॅम म्हणजे पाणी शिरलेल्या छिद्रांचे मिलिलिटर. मग तसाच ओला टांगा. येणाऱ्या आकारमानात छिद्रंही धरलेली असतात. कोरड्या वस्तुमानाला त्याने भागलं की चिऱ्याची घनता मिळते, आणि आधी छिद्रांचे मिलिलिटर वजा करून भागलं की चिरा ज्या कणांचा बनलाय त्यांची.