अल्सेस्टिस ही ‘ग्रीकांची सावित्री’ नव्हे
ग्रीक पुराणकथेतल्या अल्सेस्टिस राणीला ‘ग्रीकांची सावित्री’ म्हणायची पद्धत जुनी आहे, पण चुकीची. सावित्रीने यमाला बोलण्यात जिंकून सत्यवानाला परत आणलं. अल्सेस्टिस नवऱ्याच्या, अ‍ॅडमिटसच्या बदली स्वतःच मरते. तिला सोडवतो महाबली वीर हेराक्लिस, तोही थडग्यापाशी मृत्युदेवाशी झोंबी घेऊन.

आणि ती मुकाट्याने मरत नाही, हे तर फारसं सांगितलंच जात नाही. इ.स.पू. ४३८ च्या ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात ती लग्नाच्या पलंगावर कोसळून रडते. मग नवऱ्याला सुनावते: मी दुसरा नवरा करून सुखात राहू शकले असते. तुझे म्हातारे आईबापसुद्धा तुझ्यासाठी मरायला तयार झाले नाहीत. आता माझ्या लेकरांवर सावत्र आई आणू नकोस!

परत येते ती तोंड झाकलेली, एक शब्दही न बोलता.