पाऊस आग्नेयेला, चित्र गायब आपल्या घरात

घरी डिश घ्यावी की केबल, असा विषय निघाला की सोलापुरात एक उत्तर हमखास ऐकू येतं: "केबलच घ्या. डिश पावसात जाते. केबल जमिनीवरून येते, तिला पावसाचं काय?" यातलं निम्मंच खरं आहे. केबलवर दिसणारे बहुतेक चॅनेलसुद्धा उपग्रहावरूनच उतरतात. आपल्या गच्चीऐवजी ते केबल कंपनीच्या कंट्रोल रूमवरच्या मोठमोठ्या छत्र्यांत उतरतात आणि तिथून फायबरनं, तारेनं गल्लीत येतात. दोन्हींचा उगम एकच, विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह. मग एकाच पावसात एक बंद पडतं आणि दुसरं चालू राहतं, हे कसं काय?

फरक आहे लहरींच्या लांबीत. कंट्रोल रूमच्या छत्र्या बहुधा सी बँडवर, म्हणजे 4 गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. त्या लहरी सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब असतात. गच्चीवरची डिश केयू बँडवर, 11-12 गिगाहर्ट्झवर चालते आणि तिथं लांबी येते अडीच सेंटिमीटरवर. पावसाचा मोठा थेंब असतो तीन-चार मिलिमीटरचा. हिप्परगा तलावात काठी रोवली तर मोठी लाट तिला न जुमानता पुढं जाते, बारीक तरंग मात्र तिच्यावर आपटून विस्कटतात. थेंब आणि लहर यांचंही असंच आहे.

पण खरी गंमत थेंबाच्या आत आहे, आणि मला ती फार आवडते. पाण्यात शिरल्यावर केयू बँडच्या लहरीचा वेग सात-आठ पटींनी कमी होतो, म्हणून तिची लांबीही तेवढ्याच पटीनं आक्रसते. अडीच सेंटिमीटरची लहर थेंबात जेमतेम तीन मिलिमीटरची होते, म्हणजे थेंबाएवढीच! त्यामुळे थेंब तिला सगळीकडे विखरून टाकतो. शिवाय पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धनभारित, दुसरं ऋणभारित असतं. लहरीतलं विद्युतक्षेत्र दिशा बदलेल तसा रेणू वळू पाहतो. 4 गिगाहर्ट्झला त्याला बऱ्यापैकी साथ देता येते, 12 ला तो मागं पडतो. मागं पडण्यातच लहरीची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते.

याचा हिशेब असा. तासाला 50 मिलिमीटर या जोरानं पाऊस कोसळत असेल, तर 12 गिगाहर्ट्झची लहर दर किलोमीटरला सुमारे 40 टक्के शक्ती गमावते. उरलेल्यातली 40 टक्के पुढच्या किलोमीटरला जाते. तीन किलोमीटरनंतर पाचवा हिस्सा शिल्लक. त्याच पावसात सी बँडचं नुकसान किलोमीटरला टक्का-सव्वा टक्का. आणि दिवसभराच्या रिमझिमीत केयू बँडचंही नुकसान तेवढंच, टक्काभर. म्हणून श्रावणातल्या सरींत डिश बिनघोर चालते आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसाच्या दणक्यात जाते. त्यात भर म्हणजे पाऊस स्वतःही लहरी सोडतो. निरभ्र आकाश डिशला अतिशय थंड 'दिसतं', पावसाचा ढग त्यामानानं फार गरम. संदेश क्षीण होतो त्याच वेळी गोंगाट वाढतो. डिजिटल संदेशातल्या चुका टीव्हीजवळचा सेट-टॉप डबा एका मर्यादेपर्यंत दुरुस्त करतो, म्हणून तोवर चित्र स्वच्छ असतं. मर्यादा ओलांडली की चौकोन-चौकोन फुटतात आणि पडदा काळा होतो.

आता सोलापूरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. टाटा प्लेचे उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर, डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंशांवर. आपण 76 अंशांच्या जवळ. म्हणून इथल्या डिश दक्षिण ते आग्नेय दिशेला, क्षितिजापासून 60 ते 68 अंश वर रोखलेल्या असतात. पाऊस साधारण पाच किलोमीटर उंचीपासून द्रवरूपात पडतो. तेवढी उंची गाठेपर्यंत आपल्या डिशची रेषा घरापासून दोन-तीन किलोमीटर लांब गेलेली असते. जुळे सोलापुरात अंगण कोरडं ठणठणीत, होटगी रस्त्याच्या बाजूचं आभाळ काळंकुट्ट, आणि मालिका ऐन रंगात असताना पडदा काळा, याचं कारण हे. ढग त्या बाजूनं येत असेल तर पाऊस दारात पोचण्याआधीच चित्र जातं.

पवनचक्क्यांनी पाऊस पळवला, टॉवरमुळे ढग फुटले, असं आपल्या भागात अजूनही बोललं जातं. मग उपग्रहाच्या लहरीही ढग हलवत असतील का, अशी शंका आली तर आकडा पाहावा. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरकडून, म्हणजे संदेश जमिनीकडे परत पाठवणाऱ्या यंत्राकडून, जमिनीवर एका चौरस मीटरला मिळते एका वॅटचा दहा हजार कोटींवा भाग एवढी शक्ती. दुपारचं ऊन तेवढ्याच जागेत सुमारे 1000 वॅट ओततं. असल्या लहरीनं ढग हलत नाही, ढगच तिला गिळतो. थेंबांचा हाच गुण हवामानशास्त्रज्ञ कामाला लावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर परिसरात ढगांत बीजारोपणाचा, म्हणजे बारीक कण सोडून पाऊस वाढवण्याचा, प्रयोग केला, तेव्हा रडारनं पाऊस मोजला तो थेंबांवरून परत येणाऱ्या लहरींवरूनच.

मग सरसकट लांब लहरी का नाही वापरत? 1975-76 च्या 'साइट' या, उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोचवण्याच्या प्रयोगात त्या वापरल्या होत्या. शेजारच्या विजापूर, गुलबर्गा जिल्ह्यांतल्या गावांत एटीएस-6 उपग्रहावरून 860 मेगाहर्ट्झवर कार्यक्रम उतरत. लांबी 35 सेंटिमीटर, पावसाचा प्रश्नच नाही. पण त्यासाठी तीन मीटरची जाळीची छत्री उभारावी लागे. आजची 60 सेंटिमीटरची डिश आखूड लहरींमुळेच शक्य झाली, आणि पावसातली अडचण ही तिची किंमत आहे.

ही किंमत सोलापुरात फार नाही, असं माझं मत. आपण पर्जन्यछायेत राहतो, धो-धो पावसाचे तास इथं थोडेच. केबलचं दुखणं वेगळं आहे. साध्या तारेत शंभर मीटरमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीच्या संदेशाचे शंभरातले एक-दोन भागच उरतात, म्हणून ठिकठिकाणी संदेशाचा जोर वाढवणारे ॲम्प्लिफायर लागतात आणि त्यांना वीज लागते. आपल्या घरात इन्व्हर्टर असून खांबावरच्या डब्याची वीज गेली तर काही उपयोग नाही. इमारतीपर्यंत फायबर आलं असेल तर केबल जरूर घ्या, फायबरमध्ये किलोमीटरला पाचेक टक्केच घट होते. वस्तीवर, शेतात राहत असाल तर डिशच. मात्र आग्नेयेला कडुनिंब किंवा शेजाऱ्याची पाण्याची टाकी आड येत नाही ना, ते आधी पाहा, आणि मेमध्ये वादळी वारे सुटण्यापूर्वी नटबोल्ट आवळून घ्या. डिश दीड अंश सरकली तरी निम्मी शक्ती जाते, आणि कितीतरी तक्रारी पावसाच्या नसून या ढिल्या बोल्टच्या असतात.

एक अडथळा मात्र दोघांनाही सारखाच. 12 मार्च आणि 1 ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. वर सांगितलेल्या उपग्रहांच्या बाबतीत ही वेळ सोलापुरात साधारण अकरा ते बाराच्या सुमारास येते. सूर्याच्या गोंगाटात संदेश बुडतो, डिशचाही आणि कंट्रोल रूमच्या छत्रीचाही. सूर्य पुढं सरकला की काही मिनिटांत चित्र आपोआप परत येतं. तेवढ्यासाठी मेकॅनिक बोलावून नीट बसलेली डिश हलवून घेऊ नका.