मनगटातली पट्टी आणि सतरा वर्षांखालचा विश्वचषक

ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात मुलांचा 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक झाला. सहा यजमान शहरांपैकी नाशिककरांना सगळ्यात जवळचं होतं नवी मुंबई. त्या स्पर्धेसाठी वयाची अट एका ओळीची होती: जन्म 1 जानेवारी 2000 रोजी किंवा त्यानंतर झालेला असावा. 6 ऑक्टोबरला पहिला सामना सुरू झाला तेव्हा 1 जानेवारीला जन्मलेला मुलगा 17 वर्षं 9 महिन्यांचा होता आणि तरीही पूर्णपणे पात्र होता. नावात 'सतराखालील' असल्यामुळे पालक इथंच गोंधळतात. खेळाडूचं वय पडताळायला मनगटाचा एमआरआय (चुंबकाच्या साहाय्याने घेतलेलं आतलं चित्र) काढतात, आणि त्याचा अहवाल वाचताना हे नऊ महिने फार महत्त्वाचे ठरतात.

जन्मदाखला असताना हाडं कशाला तपासायची? कारण दाखला केव्हा आणि कशाच्या आधारावर निघाला, यावर त्याची किंमत ठरते. 1969 च्या कायद्यानुसार जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. ती राहून गेली, बाळंतपण घरीच झालं, की सुरगाणा-पेठकडच्या पाड्यावर काय किंवा शहरात काय, पुढे शाळेत नाव घालताना अंदाजाने तारीख लिहिली जाते. आपल्याकडे आधीच्या पिढीत 1 जून ही जन्मतारीख असलेले इतके लोक का आहेत, हे घरोघरी माहीत आहे. अशी अंदाजी तारीख मुलाला खऱ्या वयापेक्षा लहान दाखवू शकते, तशी मोठंही दाखवू शकते. यात फसवणुकीचा हेतू असतोच असं नाही.

आता हाडाकडे येऊ. हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं ते रेडियस. मनगटापाशी, त्याच्या टोकाच्या थोडं आत, कूर्चेची एक पातळ आडवी पट्टी असते. हाडाची लांबी वाढते ती इथून. पट्टीतल्या पेशी एकीकडे विभागत राहतात, दुसरीकडे जुन्या पेशी फुगून मरतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. पौगंडावस्थेच्या शेवटी ही वाढ थांबते, पट्टी हाडाने भरून जाते आणि टोक दांड्याला कायमचं जुळतं. मुलग्यांमध्येही ही पट्टी बंद करतं ते इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. 1994 मध्ये अशा एका माणसाची नोंद झाली, ज्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. वय 28, उंची 204 सेंटिमीटर, आणि हाडांच्या पट्ट्या अजून उघड्या. पौगंडावस्थेतल्या वाढीबद्दलची माझ्या मते सगळ्यात बोलकी नोंद हीच.

ही पट्टी एक्स-रेतही दिसते, पण फिफाने एमआरआय निवडला. उपचाराची गरज नसताना हजारो अल्पवयीन मुलांना किरणोत्सर्ग का द्यायचा, हा प्रश्न होता. हाताच्या एक्स-रेची मात्रा अगदी नगण्य असते हे खरं, पण तत्त्व म्हणून मला हा निर्णय योग्य वाटतो. एमआरआयच्या टी-1 प्रकारच्या चित्रात हाडातली चरबीयुक्त मज्जा पांढरी दिसते आणि कूर्चा करडी-काळसर. त्यामुळे पट्टी उघडी असेल तर पांढऱ्या हाडातून गडद रेघ आरपार जाते. जुळणी सुरू झाली की त्या रेघेत पांढरे पूल दिसू लागतात.

डाव्या मनगटाचे उभे काप घेतले जातात, जाडी साधारण 3 मिलिमीटर. चित्रण काही मिनिटांत होतं. चुका होतात त्या तयारीत. मुलाला पालथं झोपवून हात डोक्यापुढे ताणायला लावला, की खांदा अवघडतो, बोटं हलतात आणि चित्र फिस्कटतं. म्हणून कोपराखाली आणि तळव्याखाली उशी हवी. कडं, अंगठी, धातूचा ताईत आधीच काढायचा. मधलं बोट हाताच्या रेषेत सरळ ठेवायचं, कारण मनगट वळलेलं असेल तर काप तिरपे पडतात. त्या मनगटाचं पूर्वी हाड मोडलं असेल, धातूची प्लेट-स्क्रू बसवले असतील, तर ते आधी सांगणं अत्यावश्यक: सुरक्षेसाठीही आणि चित्रासाठीही.

जुळणीच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिलीत पट्टी पूर्ण उघडी. दुसरीत पट्टीत जेमतेम पांढरेपणा. तिसरीत निम्म्याहून कमी भाग जुळलेला, चौथीत निम्म्याहून जास्त. पाचवीत पट्टीचा उरलेला तुकडा कोणत्याही एका कापात 5 मिलिमीटरपेक्षा लहान. सहावी म्हणजे पूर्ण जुळणी, आणि खेळाडू बाद होतो तो फक्त इथं. साहजिकच सगळा वाद पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या सीमेवर असतो. पाच मिलिमीटरचा अवशेष जाड कापात किंवा हललेल्या चित्रात सहज हरवतो आणि पात्र मुलगा बाद ठरू शकतो. उलट, पूर्ण जुळणीनंतरही घट्ट हाडाची बारीक काळी खूण राहते. ती कूर्चा समजली गेली तर मोठा मुलगा पास होतो. म्हणून दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टनी, मुलाचं नाव आणि वय न बघता, वेगवेगळं वाचन करावं.

या पायऱ्यांमागचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जीरिया आणि अर्जेंटिना इथल्या 14 ते 19 वयाच्या 496 मुलांची मनगटं त्यात तपासली होती. सतरा वर्षं पूर्ण न झालेल्यांत पूर्ण जुळणी अपवादानेच आढळली. पण पुढच्या वयांतल्या अनेकांची पट्टीही अजून पूर्ण बुजलेली नव्हती. म्हणजे चाचणी एकाच दिशेने बोलते. सहावी पायरी आली तर मुलगा बहुधा सतरा ओलांडलेला आहे. चौथी आली तर तो सतराच्या आतच आहे, असं मुळीच सिद्ध होत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको: ऑक्टोबर छाटणीपासूनचे दिवस सारखे असूनही दोन बागांतली साखर वेगळी भरते. कुपोषण, दीर्घ आजार यांनी हाडांची पक्वता मागे पडते; स्थूल मुलांत ती बऱ्याचदा पुढे जाते.

आणि आता ते नऊ महिने. अभ्यासातली खात्री सतरा पूर्ण न झालेल्यांबद्दलची आहे, स्पर्धेतला जानेवारीचा मुलगा मात्र अठराच्या उंबरठ्यावर असतो. लवकर वयात आलेला, खऱ्या दाखल्याचा असा मुलगा सहाव्या पायरीवर असू शकतो. त्याला खोटारडा ठरवणं अन्यायाचं आहे. तरीही चाचणीने बराच फरक पडला. विश्वचषकात ती 2009 मध्ये नायजेरियात लागू झाली. यजमान नायजेरियालाच आपल्या संघातले अनेक खेळाडू वगळावे लागले, तरी तो संघ अंतिम फेरीत पोचला आणि स्वित्झर्लंडकडून 1-0 ने हरला. मुलींना ही चाचणी लावत नाहीत. त्यांची पट्टी बरीच आधी बंद होते, त्यामुळे सतराची सीमा मनगटातून कळत नाही.

आपल्याकडे कुमार गटांत जास्त वापर होतो टीडब्ल्यू-3 पद्धतीचा. डाव्या हाताचा एक्स-रे काढून 13 हाडांना गुण देतात: रेडियस, त्याच्या शेजारचं अल्ना आणि अंगठा, मधलं बोट व करंगळी यांची हाडं. बेरीज 1000 झाली की हाडं प्रौढ. मुलांमध्ये हे हाडांचं वय 16.5 वर्षं धरतात. त्यापुढचं वय ही पद्धत सांगूच शकत नाही. शिवाय हाडांचं वय आणि जन्माचं वय यांत एखाद्या वर्षाचा फरक निरोगी मुलांत अगदी सामान्य आहे. अहवालावर '15.8 वर्षं' लिहिलं म्हणजे मुलगा तेवढ्या वयाचा, असं वाचू नये.

नाशिकच्या प्रशिक्षकांनी त्याहून जास्त लक्ष द्यावं असं एक काम आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. वयाची सीमा 1 जानेवारीला असल्याने जगभरच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर भरलेली दिसतात. डिसेंबरातलं पोर त्याच गटात जवळपास वर्षाने लहान असतं आणि निवडीत मागे पडतं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, एकाच भिंतीशी उंची मोजून वहीत लिहावी. संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर घटते, म्हणून वेळ बदलू नये. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर वाढ दिसली तर मुलगा वाढीच्या झपाट्यात आहे. या काळात गुडघ्याखाली आणि टाचेत दुखणं साहजिक असतं. तेव्हा उड्या आणि धावण्याचा भार कमी करावा, आणि त्या हंगामातल्या खेळावरून त्याला संघातून काढू नये.