हायबरनेट म्हणजे ‘गाढ स्लीप’ नव्हे

स्लीप तुम्हाला माहीत आहेच. लॅपटॉपचं झाकण मिटलं की बहुतेक वेळा होतो तो. पण ‘हायबरनेट म्हणजे जरा जास्त गाढ स्लीप’ हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं आणि ते सपशेल चुकीचं आहे.

खरा प्रश्न एवढाच की तुमचं अर्धवट काम राहतं कुठे? स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, स्क्रीन थांबतात, पण उघड्या फायली रॅममध्येच, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीतच असतात. रॅमला वीज अखंड लागते; ती तुटली की आतलं सगळं गेलं. म्हणून स्लीपमधलं मशीन थोडी का होईना, वीज खातच राहतं. हायबरनेट करताना विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवतं आणि मशीन बंद होतं. मग प्लग काढा, आठवडाभराने सुरू करा, एक्सेलची तीच शीट समोर येते.

डेस्कटॉप स्लीपवर टाकून भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करणारे इथेच फसतात. त्यात काही डेस्कटॉपवर ‘हायब्रिड स्लीप’ चालू असतो, तो डिस्कवरही प्रत ठेवतो. अशा मशीनवर काम एकदा वाचलं की माणूस सगळीकडे तेच करू लागतो आणि दुसऱ्या मशीनवर गमावून बसतो.

नव्या लॅपटॉपांवर आणखी एक भानगड आहे. ‘मॉडर्न स्टँडबाय’ या नव्या तऱ्हेच्या स्लीपमध्ये मशीन पूर्ण निजतच नाही, अधूनमधून मेल वगैरे आणत राहतं. बॅगेत लॅपटॉप तापलेला सापडतो तो यामुळे. बॅगेत टाकण्याआधी हायबरनेटच करावं, असं माझं ठाम मत आहे. जेवायला उठताना स्लीप, घरी निघताना हायबरनेट. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, लागू देत. डिस्कवरची ती फाइल विंडोज 10 मध्ये साधारण रॅमच्या 40 टक्के जागा घेते, तीही घेऊ दे.

मायक्रोसॉफ्टने हायबरनेटचा पर्याय स्टार्ट मेनूतून लपवून ठेवलाय, याचा मला मनापासून राग आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये ‘हायबरनेट’समोर टिक करा.

आणि स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर डाग पडू नयेत म्हणून होता. रात्रभर रेंडर (व्हिडिओ वगैरे तयार करण्याचं लांबलचक काम) चालू ठेवायचा असेल तर स्लीपही नको, हायबरनेटही नको. दोन्हींत काम थांबतं. फक्त मॉनिटर बंद करा.