नळीतला पिवळा रंग

खानदेशातल्या पांझरा नदीच्या काठावरच्या आमच्या गावात रोज सकाळी, नळांना पाणी सुटण्याच्या सुमारास, जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या पाण्याची तपासणी करणारा माणूस, कुठल्या तरी एका घरापुढे सायकल लावतो, तोटीचे पाणी थोडा वेळ वाहू देतो आणि मग काचेच्या लहान नळीत ते खुणेपर्यंत भरून घेतो. त्यात औषधाचे दोन-चार थेंब टाकून नळी हलवली की पाणी फिकट पिवळे होते, आणि ते तसे झाले की तो वहीत घर, वेळ व आकडा लिहून पुढच्या गल्लीकडे निघतो. त्या औषधाच्या, ऑर्थोटोलिडिनच्या, नावावरून या तपासणीला ओटी टेस्ट म्हणतात. टाकीत टाकलेल्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरीतला क्लोरीन वाटेतल्या जंतूंवर खर्च होऊनही नळाच्या तोंडापर्यंत थोडा शिल्लक राहिला आहे, असा त्या पिवळ्या रंगाचा अर्थ. भारतीय मानकाप्रमाणे हा शिल्लक क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. त्यासाठी हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम पावडर मोजून घ्यायची, ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचे.

गावातल्या बहुतेकांना आमदार कोण आणि सरपंच कोण हे ठाऊक असते. ही नळी कशासाठी असते हे मात्र मी विचारले तेव्हा फार थोड्यांना सांगता आले. पारावर बसलेल्या एका आबांनी तर मलाच उलट विचारले, “सरकार आमनासाठे काय करस?” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, खरोखर जाणून घ्यायचे होते, आणि म्हणून या प्रश्नाकडे मला गांभीर्याने पाहावेसे वाटते. दिवसाच्या प्रत्येक तासाला आपल्या जगण्याला हात लावणारी एवढी मोठी यंत्रणा आपल्याला दिसत कशी नाही? लोक आळशी आहेत, त्यांना पर्वा नाही, असे उत्तर शहाणी माणसेही पटकन देतात. मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या तिन्ही शास्त्रांतल्या गेल्या काही दशकांच्या अभ्यासाकडे पाहिले तर ते उत्तर टिकत नाही.

आधी डोळ्यापासून सुरुवात करू. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्ये असे नोंदवले की एखाद्या बिंदूवर नजर रोखून धरली तर कडेला असलेले ठिपके काही क्षणांत विरून जातात. ठिपके जागच्या जागीच असतात, पण डोळा आणि मेंदू यांचे सारे लक्ष बदलाकडे असते; जे हलत नाही, बदलत नाही, त्याची नोंद मज्जासंस्था हळूहळू घेईनाशी होते. नव्याने घातलेले जोडवे पहिल्या दिवशी बोटाला जाणवते आणि आठवड्याने जाणवत नाही, तेही याच जातीचे. शासनाचा रोजचा प्रभाव अशा न हलणाऱ्या ठिपक्यासारखा असतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण मला आपल्या मनगटावर सापडते. जळगावात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून २८ मिनिटे झालेली असतात, आणि नंदुरबारला त्याहूनही काही मिनिटे उशीर होतो. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरलेली आहे आणि खानदेश त्याच्या सुमारे सात-आठ अंश पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली की हिशेब जुळतो. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून शासनाने लागू केली. त्यापूर्वी गावाचे बारा गावाच्या सूर्यावर वाजत. ऊन, सावली आणि भूक यांच्यापासून अर्धा तास सरकलेल्या घड्याळावर आपण शाळा, एसटी, बाजार आणि लग्नाचे मुहूर्त सांभाळतो, आणि हा सरकारचा एक निर्णय आहे असे आपल्या मनातही येत नाही.

दुसरे कारण याहून खोल आहे. शासनाचे पुष्कळसे चांगले काम काही तरी घडू न देण्याचे असते, आणि जे घडले नाही ते दिसणार कसे? आपल्या घरातल्या वृद्ध माणसांच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल वण असतो. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, त्यानंतर काही वर्षांत ही लस देणेच थांबले आणि पुढच्या पिढीचे दंड कोरे राहिले. तो कोरा दंडही शासनाच्या कामाचीच खूण आहे, पण कोऱ्या कातडीकडे बोट दाखवून कोणी आभार मानत नाही. पोलिओचेही तसेच झाले. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आहे आणि तेव्हापासून जन्मलेल्या मुलांच्या आयांना त्या आजाराने लुळा पडलेला पाय पाहण्याची वेळ जवळजवळ आलेली नाही.

अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २००९ मध्ये ही गोष्ट मतांच्या हिशेबात मोजून दाखवली. नैसर्गिक आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीबद्दल मतदार सत्ताधाऱ्यांना मते देतात, आपत्तीच्या आधी केलेल्या तयारीबद्दल मात्र देत नाहीत, असे त्यांना आढळले. आणि त्यांच्याच अंदाजाप्रमाणे तयारीवर खर्च केलेला एक डॉलर पुढचे सुमारे १५ डॉलरांचे नुकसान वाचवतो. आकडे अमेरिकेचे आहेत, पण रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात हे चित्र ओळखीचे वाटेल. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या झाल्या की पंचनाम्यांना वेग येतो, नेत्यांचे दौरे होतात, मदतीच्या घोषणेची सगळे वाट पाहतात. त्याच पट्ट्यात महसूल मंडळात उभे असलेले स्वयंचलित हवामान केंद्र वर्षभर तापमान, पाऊस आणि वाऱ्याचा वेग टिपत असते, आणि सलग काही दिवस पारा ठरलेल्या मर्यादेखाली किंवा वर राहिला तर केळीच्या हवामानावर आधारित पीकविम्याची भरपाई त्याच नोंदींवर ठरते. ते केंद्र नीट जागी बसवले आहे का, त्याच्यावर झाडाची सावली पडते का, त्याची दुरुस्ती कधी झाली, हे प्रश्न बागायतदारासाठी लाखमोलाचे आहेत, आणि तरी ते विचारणारा क्वचित भेटतो.

इथे कोणी म्हणेल, की मग शेतकऱ्याने माहिती काढावी. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये याचे जे उत्तर दिले ते ऐकायला कठोर वाटते, पण त्यात माणसाबद्दल आदर आहे. माहिती फुकट मिळत नाही. तिला वेळ, भाडे आणि बुडालेली मजुरी लागते. लाखो मतांतले एक मत निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. त्यामुळे राज्यकारभाराचा अभ्यास न करणे हा एकट्या माणसापुरता शहाणपणाचा हिशेब ठरतो, जरी सगळ्यांनी तसा हिशेब केल्यावर सगळ्यांचेच नुकसान होत असले तरी. कपाशी वेचणीच्या दिवसांत धडगावच्या डोंगरातून शहाद्याच्या शिवारात मजुरीला उतरलेल्या बाईकडून अंदाजपत्रक वाचण्याची अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. तिच्या अज्ञानाचे कारण तिच्या दिवसाच्या आखणीत आहे.

पण सगळा दोष डोळ्याचा आणि वेळेचा नाही. काही वेळा शासनाचा हात मुळातच झाकलेला असतो. कॉर्नेल विद्यापीठातील सुझन मेटलर यांनी २००८ मध्ये अमेरिकी नागरिकांना विचारले, की तुम्ही कधी एखाद्या सरकारी सामाजिक योजनेचा लाभ घेतला आहे का. ५७ टक्के लोकांनी नाही म्हटले. मग त्यांच्यापुढे योजनांची यादी ठेवली, तेव्हा नाही म्हणणाऱ्यांतल्या ९४ टक्के लोकांनी निदान एका योजनेचा लाभ घेतला असल्याचे निघाले. त्यांतले बरेचसे लाभ करसवलतीच्या रूपाने मिळत होते. खिशात पैसे येण्याऐवजी खिशातून कमी जात होते, आणि कमी गेलेला पैसा दिलेल्या पैशासारखा मोजला जात नाही. आपल्याकडे रेशन दुकानाची रांग म्हणजे सरकार, पण पगारदार माणसाला गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट म्हणजे त्याच्या सनदी लेखापालाची हुशारी, असे समजण्याची रीत आहे.

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कित्येक पट आहे आणि फरक केंद्र शासन कंपनीला देते. पूर्वी शेतकऱ्याच्या लेखी युरिया स्वस्त वस्तू होती, बस. अलीकडे अनुदानाचा आकडा गोणीवर छापला जाऊ लागला आहे. म्हणजे झाकलेला हात उघडा करता येतो, शासनाने मनावर घेतले तर. मात्र कुठलेही शासन, कुठल्याही पक्षाचे असो, जे दिले ते मोठ्या अक्षरांत छापते आणि जे घेतले ते बारीक अक्षरांत. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर किंमत ‘सर्व करांसह’ असते. त्यात कर किती हे मजूर आईला कळत नाही, आणि आपण कर भरतो हेच तिला माहीत नसते. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात काही वस्तूंखाली करासह किंमतीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. तिथे एरवी कर गल्ल्यावर जोडला जातो आणि गिऱ्हाइकांना तो माहीत असतो. तरीही नुसत्या चिठ्ठीने त्या वस्तूंची विक्री सुमारे आठ टक्क्यांनी घटली, असे त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. माहीत असणे आणि डोळ्यांपुढे असणे यांत केवढे अंतर आहे, ते या प्रयोगाने दाखवले. आयकर भरणारा वर्ग ‘आमच्या पैशावर’ असे म्हणतो तेव्हा मला त्या बिस्किटाच्या पुड्याची आठवण होते, कारण त्याच्या किमतीतही कोणी तरी आपल्या पैशाने भरलेला कर आहे.

या सगळ्याच्या उलट एक उदाहरण खानदेशाच्याच मातीत आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. पांझरा, मोसम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीने पाणी वाटले जात असे. नदीत बांधलेल्या दगडी बंधाऱ्याच्या वरून पाट निघे, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे असा दंडक असे. उसाचा फड एकीकडे, गव्हाचा दुसरीकडे, आणि दरवर्षी पिकांची फिरवाफिरव. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळी, पिकाची राखण जागल्या करी, आणि त्यांचा मोबदला शेतकरीच देत. एका शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्याने कोणी कायम वरच्या अंगाला नव्हता आणि कोणी कायम शेपटाला नव्हता. पाटात गाळ साचला की कोणाच्या वावराला पाणी पोचणार नाही, बंधाऱ्याचा कोणता दगड हलला आहे, पाटकऱ्याने रात्री पाळी कोणाला दिली, हे सारे लहान शेतकऱ्यालाही तोंडपाठ असे. तो कारभार समजावून सांगायला कोणी जाहिरात केली नव्हती. तो त्याला ठाऊक होता, कारण पाटाची मोरी उघडण्यात आणि गाळ काढण्यात त्याचा स्वतःचा हात होता आणि चुकीचे फळ त्याला आठ दिवसांत दिसत होते.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हेही सांगितले पाहिजे, की ज्याला जमीन नव्हती त्याला त्यात आवाज नव्हता, आणि बायकांना तर नव्हताच. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, बरेच फड मोडले. विजेच्या मोटारीने शेतकऱ्याला पाळीच्या धाकातून सोडवले, आणि त्याच वेळी त्याचे पाणी रोहित्र, फीडर, वीजदर आणि धरणाचे आवर्तन अशा चार ठिकाणी ठरू लागले, जिथे त्याचा हात पोचत नाही. रोहित्र जळाले म्हणजेच त्याला ती यंत्रणा दिसते.

हात पोचत नाही तिथे आणखी एक भ्रम वाढतो. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये लोकांना विचारले, की पँटची चेन किंवा संडासचा फ्लश कसा काम करतो हे तुम्हाला किती कळते. लोकांनी सरासरीने स्वतःला बरे गुण दिले. मग टप्प्याटप्प्याने लिहून समजावून सांगायला लावले, तेव्हा त्याच लोकांनी स्वतःचे गुण कमी केले. पुढे सरकारी धोरणांबाबतही असाच प्रयोग झाला आणि धोरण कसे चालते हे समजावून सांगताना लोकांचा ठामपणा उतरला. मी स्वतः ही परीक्षा दिली आहे. नळाचे पाणी टाकीतून येते, एवढे मला लहानपणापासून माहीत होते. त्यापुढे एक वाक्यही मला सांगता आले नसते.

ते सांगता येऊ लागले एका पावसाळ्यामुळे. नाल्यातून जाणारा पाइप तडकला होता आणि गोदामात बरेच दिवस उघड्या राहिलेल्या पावडरीचा जोर गेला होता, कारण हवा आणि ओल लागली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. नळीतले पाणी पिवळे होत नव्हते, आणि ते वहीत लिहिलेही जात होते, पण वही कोणी पाहत नव्हते. चार दिवसांत घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, शाळेच्या खोलीत सलाईन लागले, आणि ज्याचे काम वर्षानुवर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हते त्या जलसुरक्षकाचे नाव एका दिवसात लहान पोरांनाही कळले.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत नेहमीप्रमाणे घरकुलाच्या यादीवरून गोंधळ झाला. तो शमल्यावर मागे बसलेल्या एका बाईने, जिचा नातू त्या साथीत दोन दिवस सलाईनवर होता, ग्रामसेवकांना विचारले, “भाऊ, ती पाण्याची वही आम्हाला पाहता येते का?” येते, असे उत्तर आले, आणि वही तिथेच हातोहात फिरली. त्यानंतर ठराव झाला, की रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. आता शाळेत जाणारी मुले तो मोठ्याने वाचत पुढे जातात. एखाद्या दिवशी आकडा लिहायचा राहिला, तर सकाळी दहाच्या आत कोणी ना कोणी जलसुरक्षकाला फोन करते.