मोठ्या जातीच्या पिल्लाचं लंगडणं

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड असल्या दांडग्या कुत्र्यांची पिल्लं साधारण चार महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत मधूनच एखादा पाय उचलून धरतात, झोपेतून उठल्यावर चार पावलं लंगडतात आणि मग काही झालंच नाही अशी पळायला लागतात, आणि घरचे म्हणतात लचकलं असेल, होईल बरं. कधीकधी खरंच लचकलेलं असतं, किंवा पंजात काटा असतो, नख उखडलेलं असतं, म्हणून आधी पंजा उलटा करून बोटांच्या मधे बघायचंच. पण दोन-तीन दिवसांत न गेलेलं किंवा जाऊन परत आलेलं लंगडणं बऱ्याचदा वाढत्या हाडांचं नाहीतर सांध्याचं निघतं.

मूळ कारण वाढीचा वेग. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्ध्या-पाऊण किलोचं असतं आणि वर्षभरात पन्नास किलोच्या घरात जातं, माणसाच्या मुलाला जे करायला पंधरा-सोळा वर्षं लागतात ते हे बारा-अठरा महिन्यांत उरकतं. हाडांच्या टोकांना कूर्चेच्या मऊ चकत्या असतात, हाड लांब होतं ते तिथेच, आणि त्या पूर्ण कडक व्हायला मोठ्या जातीत वर्ष तरी लागतं, अगदी अवाढव्य जातींत आणखी जास्त. पुढच्या पायात कोपराखाली दोन हाडं शेजारी शेजारी वाढतात, त्यातल्या एकाची चकती मार लागून लवकर बंद झाली तर दुसरं वाढतच राहतं आणि पाय धनुष्यासारखा वाकतो.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती हिप डिस्प्लेजियाची. खुब्याचा गोळा वाटीत घट्ट बसायला हवा तो सैल राहतो, घासतो, वाटी उथळ होते आणि पुढे संधिवात. अमेरिकेत श्नेल नावाच्या पशुवैद्याने १९३५ मध्ये कुत्र्यांमधला हा आजार पहिल्यांदा नोंदवला. गंमत म्हणजे ही पिल्लं जन्मतः नॉर्मल खुब्याची असतात, सैलपणा पुढच्या काही आठवड्या-महिन्यांत येतो, म्हणजे अनुवंश असतोच (एकच जीन नाही, बरेच) पण वाढताना काय होतं त्यालाही किंमत आहे. असं पिल्लू पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतं, उठताना वेळ घेतं, जिना टाळतं. मालक म्हणतो आमचं शांत आहे हो स्वभावाने! असेलही, पण सहा महिन्यांचं लॅब शांत असलं तर मला तरी शंका येते.

पुढचा पाय लंगडत असेल तर कोपर किंवा खांदा बघतात. कोपरात हाडाचा छोटा तुकडा सुटतो किंवा जो भाग पाच महिन्यांपर्यंत जुळून यायला हवा तो जुळतच नाही, हे दुसरं जर्मन शेफर्डमध्ये खास दिसतं. खांद्यात कूर्चा प्रमाणाबाहेर जाड होते, तिच्या खालच्या थरापर्यंत पोषण पोचत नाही आणि पापुद्रा सुटतो, त्याला ओसीडी म्हणतात. मग पॅनोस्टायटिस, डॉक्टर नुसतं पॅनो म्हणतात: आज डावा पुढचा पाय, पंधरा दिवसांनी उजवा मागचा, लांब हाडाच्या मधोमध दाबलं की पिल्लू कळवळतं. हा आपोआप जातो, वेळ खातो फक्त. याउलट तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाची मनगटाच्या वरची जागा सुजून गरम लागत असेल, ताप असेल, उभंच राहत नसेल तर ते एचओडी (वाढत्या हाडांच्या टोकांना सूज येण्याचा आजार) असू शकतं, तिथे सकाळपर्यंत थांबू नये. आणि आपल्याकडे गोचिडतापही विसरायचा नाही, त्यातही सांधे सुजतात आणि कुत्रं लंगडतं, हाडांचा एक्स-रे मात्र साफ.

आता खाणं, कारण घोळ इथेच जास्त होतो. आपल्याला पिल्लू गुटगुटीत लागतं. बरगड्या हाताला लागल्या की आजी म्हणते, उपाशी ठेवता का रे त्याला. पण १९८७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, आयुष्यभर, तर कमी खाणाऱ्यांचे खुबे चांगले राहिलेच, शिवाय त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री त्याहून जास्त जगली असा आकडा) १३ वर्षं भरलं आणि दुसऱ्यांचं ११.२. म्हणजे बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवला की सहज लागाव्यात, हे माप.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. पाय वाकडा दिसला, कान उभे राहत नाहीत, दात येतायत, की कोणीतरी सिरप सांगतंच. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं, जास्त कॅल्शियम दिलेल्यांची हाडं मजबूत झाली नाहीत, उलट कूर्चेची वाढ बिघडली आणि पाय वाकले. कारण साधारण सहा महिन्यांपर्यंत नको असलेलं कॅल्शियम आतड्यात अडवायची सोय पिल्लाकडे नीट नसते, घातलं की बरंचसं रक्तात. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांच्या फूडमध्ये कॅल्शियमला वरची मर्यादा असते, अमेरिकेतल्या मानकात ती कोरड्या वजनाच्या १.८ टक्के आहे, त्यावर सिरप ओतलं की हिशोब गेला.

पण उलटं टोकही आपल्याकडे भरपूर. नुसता चिकन-भात किंवा दूध-पोळीवर वाढवलेलं पिल्लू. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, मग शरीर रक्तातली तूट भरायला हाडातून कॅल्शियम काढतं, हाडं पातळ होतात, सोफ्यावरून उडी मारली तरी दुमडतात. याला सरसकट मुडदूस म्हणतात आणि कोवळ्या उन्हात बसवायला सांगतात. पण हा आजार कॅल्शियमच्या तुटीचा आहे, आणि तसंही कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच लागतं. तेव्हा इथे कॅल्शियम लागतं, पण किती ते पशुवैद्याने वजन आणि आहार बघून ठरवायचं, चमच्याने नाही.

व्यायामाबद्दल नॉर्वेत एक चांगला अभ्यास झाला (२०१२), न्यूफाउंडलंड, लॅब्रेडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींवर. तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढ-उतार करणाऱ्या पिल्लांना हिप डिस्प्लेजियाचा धोका जास्त, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांना कमी. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे जमवणं अवघड, लिफ्ट बंद पडते आणि हॉलमध्ये काचेसारख्या टाइल्स, चारी पाय चार दिशांना. जाड सतरंज्या टाकल्या तरी बराच फरक पडतो. स्कूटरच्या मागे पळवणं मात्र नकोच, वर्षभराचं होईपर्यंत तरी.

दवाखान्यात पोचल्यावर पिल्लू हमखास सरळ चालतं, म्हणून घरीच मोबाईलवर व्हिडिओ काढून न्यावा. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली येतं, यावरून पाय ओळखता येतो. सैल खुबा डॉक्टर हाताने तपासतात, ती पद्धत तान्ह्या बाळांसाठी ओर्तोलानी या इटालियन डॉक्टरने शोधलेली. पक्कं मात्र एक्स-रेनेच होतं, आणि तो गुंगी देऊन काढतात. लवकर निदानाला अर्थ आहे कारण ओटीपोटाच्या हाडाची एक छोटी शस्त्रक्रिया साधारण चार-पाच महिन्यांच्या आतच उपयोगी पडते, नंतर गोळा काढून टाकणं किंवा पूर्ण खुबा बदलणं असे मोठे आणि महागडे मार्ग उरतात. बऱ्याच कुत्र्यांचं वजन आटोक्यात ठेवून, पोहायला नेऊन आणि कुत्र्यांसाठीच्या वेदनाशामकावर छान निभावतं. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये, पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात, पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नको.

पिल्लू घेताना लोक केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत का विचारतात. त्या पेपरवरून वंशावळ कळते, खुबे नाही. आई-बापाचे एक्स-रे मागावेत, अमेरिकेत १९६६ पासून ओएफए ही संस्था असे एक्स-रे तपासून दाखला देते, पण कायमचा दाखला कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावरच. दोन्ही चांगले असले तरी एखादं पिल्लू सैल खुब्याचं निघतं, फक्त शक्यता कमी होते.