खाण-दावा (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय सरकारी जमिनीवर सापडलेले खनिज खणून नेण्याचा शोधणाऱ्याला मिळणारा हक्क. जमिनीचा मालक सरकारच राहतो. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी १० मे १८७२ रोजी सही केलेला खाण कायदा हा त्याचा आधार असून, बरीच ठिगळे लागूनही तो आज चालू आहे. नेवाडाची सुमारे ८० टक्के जमीन संघीय असल्याने तिथल्या गावांची या कायद्याशी कायम गाठ पडते.

सोने, चांदी, तांबे, लिथियम यांवर दावा लावता येतो. कोळसा, तेल, वायू १९२० पासून भाडेपट्ट्याने दिले जातात. साधी वाळू व खडी (आपल्याकडचे गौण खनिज) १९५५ पासून सरकारकडून विकत घ्यावी लागते. भाडेपट्टेदार स्वामित्वधन (काढलेल्या खनिजातील सरकारचा वाटा) भरतो. दाव्यातून निघालेल्या सोन्यावर मात्र संघीय सरकारला स्वामित्वधन मिळत नाही.

खडकातील शिरेवरचा दावा जास्तीत जास्त १,५०० फूट लांब आणि मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना ३००-३०० फूट रुंद, म्हणजे २० एकरांहून थोडा अधिक. नदीगाळातील सोन्यासाठी माणशी २० एकर. आठ जणांनी मिळून लावल्यास १६०.

खुंट रोवण्याआधी जमीन दाव्यांसाठी खुली आहे का, हे संघीय जमिनींचा कारभार पाहणाऱ्या भूव्यवस्थापन विभागाच्या नकाशांवर पाहावे लागते. राष्ट्रीय उद्याने व राखून ठेवलेले पट्टे बंद असतात आणि तिथे रोवलेला खुंट फुकट जातो. हद्द आखून जागेवर सूचनापत्र लावायचे, मग काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागाच्या) दप्तरात आणि ९० दिवसांत विभागाकडे नोंद करायची. काउंटीची मुदत राज्यागणिक वेगळी असते. पुढे दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत शुल्क. २०२४ पासून शिरेवरच्या दर दाव्याला २०० डॉलर, नदीगाळाच्या दाव्यात दर २० एकरांना तेवढेच. दहा किंवा कमी दावे असणाऱ्याला शुल्कमाफी मागता येते, पण मग प्रत्येक दाव्यावर वर्षाला १०० डॉलरचे काम करून ३० डिसेंबरपर्यंत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

दावे बुडतात ते बहुधा इथेच. १९७६ च्या कायद्यात वार्षिक कागद ‘३१ डिसेंबरपूर्वी’ द्यायचे, असे शब्द आहेत. नेवाडातील एका कुटुंबाने ते १९८० मध्ये ३१ डिसेंबरलाच हातोहात नेऊन दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवले आणि चालत्या खडीच्या खाणीवरचे त्यांचे १९५५ आधीचे दहा दावे गेल्याचे मान्य केले.

नोंद झाली म्हणून हक्क पक्का होत नाही. शहाण्या माणसाने पैसा व श्रम घालावेत, असे खनिज सापडलेले असावे, ही कसोटी १८९४ ची. ते नफ्याने विकता यावे, ही भर १९६८ ची. पूर्वी एकरी अडीच ते पाच डॉलरमध्ये जमिनीची मालकीही मिळे. तसे नवे अर्ज ऑक्टोबर १९९४ पासून बंद आहेत.

विभागाच्या जमिनीवर घमेल्याने गाळ धुवायला परवाना लागत नाही. यंत्राने ५ एकरांपर्यंत शोधखणन करायचे तर १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रत्यक्ष खाणीला आराखड्याची मंजुरी हवी. सूचना असो वा आराखडा, जमीन पूर्ववत करण्यासाठी हमीरक्कम ठेवावीच लागते.

वरची जमीन शेतकऱ्याची आणि खालचे खनिज सरकारचे, असेही घडते. १९१६ च्या कायद्याने पशुपालकांना ६४० एकरांपर्यंत जमिनी दिल्या, पण खनिजे सरकारने स्वतःकडे ठेवली. १९९३ च्या दुरुस्तीपासून अशा शेतात शोधासाठी शिरण्याआधी मालकाला ३० दिवसांची सूचना बंधनकारक आहे. मालकाने नकार दिला म्हणून शोधणाऱ्याचा हक्क संपत नाही.

दाव्यासोबत पाणी मिळत नाही. पश्चिमेकडे ते राज्याच्या कायद्याने, ज्याचा वापर आधीचा त्याला आधी, या क्रमाने मिळते. खोल खड्डा कोरडा ठेवायला उपसा सुरू झाला की आसपासच्या विहिरींची पातळी खचते. गंधकयुक्त खडक हवा-पाण्याच्या संपर्कात आला की आम्लपाणी झिरपू लागते, आणि हमीचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो याच खर्चात. मोंटानातील झॉर्टमन-लँडस्की येथे सायनाइडने सोने काढणारी पेगासस गोल्ड ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोर झाली. हमी अपुरी पडली. तिथले पाणी शुद्ध करण्याचे काम सरकारी पैशावर चालू राहिले, कारण खाणीखालच्या उतारावर फोर्ट बेलनॅप या आदिवासी राखीव प्रदेशातील वस्ती आहे.